बेहड्यातली बाळंतीण

या, जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या. आज पुराणातली नाही, ठाकुरवाडीच्या रानातली गोष्ट सांगतो. चाळीसेक पावसाळे उलटले असतील तिला. पण देव तिच्यातही आहे.

दहिवलीचे आबाजी भातशेती सांभाळून मुंबईच्या एका संस्थेसाठी पक्ष्यांचा अभ्यास करायचे. जीव जडला होता तो धनेशावर. हा मोठ्या चोचीचा पक्षी रानातून नाहीसा होत चालला होता. उन्हं तापू लागली की त्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि अंडी घालते. पुढं सगळा भार नरावर. एका बारीक फटीतून तो तिला फळं भरवतो.

अशी एक जोडी ठाकुरवाडीखालच्या ओढ्याकाठी, एका जुन्या बेहड्याच्या ढोलीत होती. सबंध तालुक्यात दुसरी आबाजींना ठाऊक नव्हती. ते तिला 'आपली बाळंतीण' म्हणायचे आणि ते झाड कुणाला दाखवायचे नाहीत.

अशात संस्थेनं त्याच कामावर वाल्मिकला धाडलं.

कुंभिवलीच्या शेतकऱ्याचा पोरगा, कॉलेज शिकलेला, बोलायला मऊ. मुंबईचे साहेब आले तेव्हा वाल्मिकच्या खांद्यावर हात टाकून हिंडले. आबाजी मागून त्यांची पिशवी घेऊन चालले.

घरीही तेच.

"पोरगा गुणाचा हाय," आनंदीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "चा पिऊन कप विसळून ठेवला त्यानं. तुमी कधी ठेवला का?"

"कपच विसळायला आला असंल तर विसळू दे."

"जळता कशाला वो त्याच्यावर?"

"मी? त्याच्यावर?" आबाजी उठून गोठ्यात गेले.

एकादशीच्या कीर्तनात बुवांनी वाल्मिकच्या हाती झांज दिली. ती आजवर आबाजींच्या हाती असायची. त्या दिवशी विठ्ठलाचं नाव आबाजींनीही घेतलं, पण दात आवळून. बुवा मत्सरावर बोलत होते आणि आबाजी मान डोलावत विचार करत होते, या वाल्मिकला ऐकवा, बुवा.

पुढच्याच सकाळी वाल्मिक ओसरीवर आला.

"आबाजी, धनेशाचं घरटं तुम्हाला माहीत आहे, असं वाडीवर सगळे म्हणतात. मला नक्की झाड कळलं तर फार बरं होईल. वेळ थोडा आहे. कारण असं की..."

"कारण ठाऊक हाय मला. फोटो हवा असंल, छापून येयाला."

वाल्मिक जरा घुटमळला. "फोटोचं नाही, आबाजी. एक सांगायचं होतं."

"सांगू नका. उद्या झाड दाखवतो."

आता आबाजींनी काय केलं ते ऐका. घरट्याखाली नरानं टाकलेल्या बिया पडतात, विष्ठा पडते. त्यावरूनच जाणता माणूस घरटं ओळखतो. आबाजी उन्हं कलताना एकटे बेहड्याखाली गेले. ओल्या बिया, विष्ठा, एक पीस, सगळं पंच्यात गोळा केलं आणि ओढ्याकाठानं पार वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या आंब्याखाली नेऊन पसरलं. त्या आंब्याला ढोली होती, पण रिकामी. वर चढून तिच्या तोंडाला त्यांनी ओढ्यातला चिखल लिंपला, मधे बोटभर फट ठेवली. हात धुताना त्यांना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी वाल्मिकनं बिया उचलून निरखल्या, वर पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की आबाजींनी नजर वळवली.

"जास्त थांबू नका," आबाजी म्हणाले. "माणूस दिसला की नर बिथरतो. आतली उपाशी राहते."

"खरंय." वाल्मिक चार पावलं मागं झाला. मग झोळीतून गेरू काढून त्यानं घाईघाईनं आंब्याच्या बुंध्याला पट्टा ओढला.

"हे कशाला?"

"खूण असलेली बरी."

नाव लावून घेतोय झाडावर, आबाजी मनात म्हणाले. लाव, बाबा. आण तुझ्या साहेबांना रिकामी ढोली बघायला.

त्याच दिवशी वाल्मिक गाडी पकडून गेला. आबाजी घरी बसले. आपण बेहड्याकडं जाताना कुणी पाहिलं तर फजितीची मजा जायची, म्हणून त्यांनी रानाचं नावच टाकलं. कोळशासाठी चाललेल्या तोडीचे घाव लांबून कानी यायचे. ते दर वर्षीचेच. सकाळी देवापुढं बसले की वाल्मिकचं पडलेलं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं, आणि आरती जरा मोठ्यानं व्हायची.

वाल्मिक परतला तो थेट ओसरीवर. धुळीनं माखलेला, डोळे लाल. साहेब कुणी बरोबर नव्हते. आबाजी काही बोलायच्या आत त्यानं वाकून त्यांचे पाय धरले.

"अरं, हे काय?"

"तुमच्यामुळं वाचली, आबाजी. या वर्षी तोड ओढ्याच्या अलीकडं येणार होती. तेच सांगायला आलो होतो तेव्हा. अलिबागेला जंगलखात्याच्या दारात बसून राहिलो. शेवटी कबूल झाले. एकच झाड सोडू म्हणाले, खूण केलेलं."

आनंदीबाई चहा घेऊन दारातच थांबल्या.

"आणि बाकीची?" आबाजींनी विचारलं.

"काठावरचं काही ठेवलं नाही हो. काल सगळं उतरवलं, जुने बेहडेसुद्धा. जीव तुटला बघताना." वाल्मिकनं डोळे पुसले आणि तो हसला. "पण तुमचा आंबा उभा आहे, आबाजी. ढोलीला धक्का नाही."

देवापुढं हात जोडाल तेव्हा, बाबांनो, आबाजींची नका काढू, वाल्मिकचीही नका काढू. दार लावून, फळाची वाट बघत आत बसलेल्या त्या बाळंतिणीची तेवढी आठवण काढा.