ज्याचं त्याचं गाणं

खरं तर हे लिहून पुसलं होतं. नेनाद वाचेल म्हणून. पण राहवलं नाही.

सर्बियातल्या आमच्या गावात रादिशाच्या लग्नाला इथलाच नेनाद बेलग्रेडहून आला, ट्रम्पेट घेऊन. ऑपेरात तो, जॅझमध्ये तो, टीव्हीवरच्या बिस्किटाच्या जाहिरातीतही तोच.

"आरव की रे, शहरी कोंबड्या!" सगळे ओरडले.

आमच्याकडे लग्नात ट्रम्पेटवाला एकेका पाहुण्याच्या कानाशी उभा राहतो आणि त्याचं लाडकं गाणं वाजवतो. विचारायचं नसतं, माहीत असावं लागतं. नेनादने मास्तरांना ऑपेरा ऐकवला, बेलग्रेडच्या मित्रांना जॅझ, पोरांना बिस्किटाची जाहिरात. मांडव डोक्यावर घेतला पठ्ठ्याने. मग तो आपल्या आईपाशी, स्तानापाशी आला. ट्रम्पेट ओठाला लावलं आणि तसाच थांबला. तिचं गाणं कुठलं, हेच त्याला माहीत नव्हतं.

"काहीही वाजव बाळा," ती हळूच म्हणाली. "तुला येईल ते. मला सगळंच आवडतं."

नवरदेव रादिशा ताडकन उठला, बँडवाल्याचं ट्रम्पेट ओढून घेतलं. "स्ताना मावशी, तुमचं गाणं आज मी वाजवणार. माझा मान आहे!" त्याने सुरू केलं आणि अख्खा मांडव गायला लागला. ती डोळे मिटून हसत होती. नेनादची मान वर होईना.

नंतर मांडवामागे रादिशा म्हणाला, "चल, आत्ता शिकवतो तुला. सोपं आहे."

"तू नको," नेनाद म्हणाला. "उद्या तिच्यासमोर बसतो, तिलाच गायला लावतो. शब्द देतो तुला, शिकल्याशिवाय बेलग्रेडची बस धरणार नाही."