काचेवरची वाफ

तुरुंगाच्या तपासणीला आलेल्या न्यायाधीश बाई प्रत्येक कोठडीत दार लावून घेऊन मिनिटभर उभ्या राहत. त्याशिवाय अहवालावर सही करत नसत.

शेवटची कोठडी रिकामी होती, तरी दारातल्या छोट्या काचेवर आतून वाफ धरली होती.

"ओल असते, बाईसाहेब," जेलर हसला. "इथं भुतंसुद्धा टिकत नाहीत."

बाई आत गेल्या. दार लागलं. भिंती कोरड्या ठाक होत्या.

"उघडा," त्या काचेशी तोंड नेऊन म्हणाल्या. श्वासाने काच धुरकटली. त्यांनी दारावर मुठी आपटल्या.

"ही रिकामीच आहे, बाईसाहेब," बाहेर जेलर कुणाला तरी अदबीने सांगत होता.

"काचेवर वाफ दिसते," बाहेरून त्यांचाच आवाज आला. "असो. सही कुठे करू?"