उपवासात मांसाची सोडत

"हे मी वाचणार नाही," फादर कॉनली म्हणाले आणि त्यांनी कागद लोरेनबाईंच्या हातात परत दिला.

रविवारच्या मिस्साला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, पाच मिनिटं उरली होती. चर्चमागच्या खोलीत फादर झगा चढवत होते. झग्याच्या आत स्वेटर होता आणि स्वेटरच्या आत आणखी एक. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या ऐन थंडीत, नाताळच्या आदल्या दिवशी, चर्च गरम ठेवणाऱ्या बॉयलरने मान टाकली होती आणि ती अजून वर केली नव्हती.

"अक्षर लागत नाही का?" लोरेनबाईंनी विचारलं.

"अक्षर सुरेख आहे. तारीख बघा. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात, आणि हा त्यानंतरचा पहिलाच शुक्रवार! त्या दिवशी मांस तोंडात घालायचं नसतं, आणि तुम्ही चर्चच्या नावाने मांसाची सोडत काढताय."

लोरेनबाईंनी कागदावरची तारीख पुन्हा पाहिली. तिकिटं विकायची, चिठ्ठ्या काढायच्या आणि बक्षीस म्हणून मांस वाटायचं, अशी ही सोडत दरवर्षी शनिवारी असायची. यंदा सगळे शनिवार लग्नवाल्यांनी पटकावले होते. अग्निशमन दलाच्या हॉलला नेमका हा एकच शुक्रवार रिकामा होता. तो रिकामा का होता, हे त्यांना आत्ता कळलं. पण ही चूक कबूल करण्याचं त्यांचं वय निघून गेलं होतं.

"तारीख बदला," फादर म्हणाले.

"दुसरी नाही."

"मग रद्द करा."

"मग बॉयलर नाही. आणि बॉयलर नाही तर ईस्टरनंतर चर्चला कुलूप, आपण सगळे हायवेपलीकडच्या चर्चमध्ये. तसं बजावणारं बिशपच्या कचेरीचं पत्र मात्र तुम्ही खणखणीत वाचलंत हो, फादर."

"मी नियम केलेले नाहीत, लोरेनबाई."

"आयर्लंडच्या संत पॅट्रिकचा सण शुक्रवारी आला, की बिशप मांस खायची सूट देतात. आयरिश माणसाने खाल्लेलं चालतं, आणि आपल्या वस्तीतल्या पोलिश माणसाने नुसतं जिंकायचंही नाही?"

फादर आडनावाने आयरिश होते. आजवर ते आडनाव त्यांना इतकं जड कधी झालं नव्हतं. "तो बिशपचा अधिकार आहे," ते म्हणाले. "शिवाय लोक मोहात पडतील, त्याचं काय?"

"दगडासारखी गोठलेली कोंबडी, फादर. तिच्या मोहात पडायला माणूस फार वेगळा लागतो."

घंटा वाजली आणि फादर सुटले.

मिस्सा संपता संपता त्यांनी सूचना वाचल्या. गायनवृंदाचा सराव मंगळवारी. तिसऱ्या बाकाखाली एक हातमोजा सापडला आहे, डावा. एवढं सांगून त्यांनी कागदाची घडी घातली.

लोरेनबाई उठल्या. मधल्या वाटेने माईककडे चालू लागल्या. याच वाटेने त्या नवरी होऊन पुढे गेल्या होत्या आणि नवऱ्याच्या शवपेटीमागून परत आल्या होत्या. दोन्ही वेळा फादरांची परवानगी होती.

"एक सूचना राहिली," त्यांनी माईक खाली ओढला. "शुक्रवार, वीस फेब्रुवारी, संध्याकाळी सात, अग्निशमन दलाचा हॉल. बॉयलरसाठी मांसाची सोडत. युजीन खाटकाने माल भरून ठेवलाय. डुकराच्या अख्ख्या मांड्या, बेकन, कोंबड्या. तीनशे तिकिटं खपली तर हे चर्च उघडं राहील. बर्फाच्या पेट्या आपापल्या आणा."

पुढच्या बाकांवर चुळबुळ झाली.

"फादर म्हणतात, हा उपवासाचा शुक्रवार आहे. फादरांचं बरोबर आहे. म्हणून हॉलमध्ये खायला तळलेला मासा मिळेल. मांस फक्त जिंकायचं, घरी न्यायचं आणि शनिवारपर्यंत त्याला हात लावायचा नाही. घरात बेकन असून न खाणं, याला उपवास म्हणतात. बेकनच नसलं तर ती नुसती टंचाई."

"लोरेनबाई, खाली बसा!" फादरांचा आवाज चढला.

"बसते, फादर. पण इथल्याच बाकावर. हायवेपलीकडच्या बाकावर बसवायचं असेल, तर चार माणसं लावून उचलून न्यावं लागेल मला."

फादरांनी मोठ्या आशेने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे ब्याण्णव वर्षांची स्टेला बसली होती. सगळी वस्ती तिला 'बूशा' म्हणायची, आजी. ती वर्षाचे बावन्नही शुक्रवार पाळायची, आणि तिच्यापुढे नियमाची गोष्ट काढायला बिशपसुद्धा बिचकले असते.

बूशा काठी टेकत उभी राहिली.

"लोरेन," ती म्हणाली, "मला दोन तिकिटं दे. आणि मला दात नाहीत, तेव्हा बक्षिसात खिमाही ठेव."

फादरांनी सूचनांचा घडी घातलेला कागद खिशात टाकला. मग त्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला. त्याबरोबर सगळं चर्च उभं राहिलं. पण क्रूसाची खूण करायला एकाचाही उजवा हात मोकळा नव्हता. प्रत्येकाने त्यात एक नोट धरली होती, उंच, लोरेनबाईंना दिसेल अशी.