पोहे खायला या

शिवानंदने पुन्हा एकदा हात घासले, तरी अंगठ्याच्या नखातला हिरवा रंग काही निघेना.

"मूठ मिटून बस," त्याची आई चंद्रव्वा म्हणाली. "आणि त्या बाहुल्यांचं नाव काढायचं न्हाय. छंद इचारला तर वाचन म्हन. सगळे वाचनच म्हनत्यात."

बाहुल्या म्हणजे शिवानंदचं सैन्य. अंगठ्याएवढे राक्षस, बुटके, भाले घेतलेले घोडेस्वार. ते टेबलावर मांडायचे, टेपने अंतर मोजून चाल करायची आणि फासे टाकून कोण मेला ते ठरवायचं. शाळेत असताना त्याला या खेळाचं वेड लागलं. पुढे कंपनीने खेळच बंद केला आणि सैन्य पेटीत गेलं. अलीकडे कंपनीला काय सुचलं कोण जाणे, तिने तो पुन्हा बाजारात आणला. छत्तिशीतल्या शिवानंदनेही पेटी उघडली आणि ब्रश घेऊन बसला. पंचाईत एकच होती. अख्ख्या सोलापुरात समोर बसायला कुणी नव्हतं. बिचारा स्वतःशीच लढायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

लग्नाचंही तसंच अडलं होतं. वधूवर मेळाव्यात त्याने स्टेजवर माइक हातात घेऊन सैन्याचं असं काही वर्णन केलं, की मुलींच्या आया एकमेकींकडे बघत राहिल्या आणि चंद्रव्वाने पदरात तोंड लपवलं. पण दुसऱ्याच दिवशी भवानी पेठेतून सिद्धलिंगप्पांचा फोन आला. "मुलाला घेऊन रविवारी पोहे खायला या."

चंद्रव्वा हरखली. मुलीकडच्यांनी आपणहून बोलवावं, तेही धोंड्याच्या महिन्यात, जेव्हा लग्नाचं कुणी नावही काढत नाही. "माइक खरखरत हुता," ती म्हणाली. "त्यास्नी ऐकू गेलं नसंल. पर हे स्थळ हातचं गेलं तर तुझी पेटी भंगारात, ध्यानात ठेव." ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. आणि शिवानंदला बायकोही हवी होती, पेटीही.

सिद्धलिंगप्पा चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या बैठकीत मधोमध मोठं टेबल होतं. त्यावर पांढरी चादर अंथरलेली आणि चादरीखाली जागोजागी उंचवटे. देण्याघेण्याची भांडी असणार, असं समजून चंद्रव्वाने मुलाला कोपराने ढोसलं.

"रविवारी मोकळे असता?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

"असतो की."

"बदली वगैरे? बार्शी, पुणे?"

"नाही."

"हात स्थिर आहे? सुईत दोरा ओवता येतो?"

"शिलाई मशीनवर बी बसतो ओ," चंद्रव्वाने ठोकून दिलं.

"आणि हरल्यावर रुसता का? एक माणूस असाच रुसलाय आमच्यावर. पुण्याला असतो. आता इकडं फिरकतच नाही."

शिवानंदला माणूस आवडला. पगार कुणी विचारला नाही, हे आजवर कुठंच घडलं नव्हतं.

तेवढ्यात पूनम, त्यांची मुलगी, पोहे घेऊन आली. गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली आणि पायात जाड मोजे. बाहेर डांबर वितळत होतं.

"थंडी वाजती का ओ पोरीला?" चंद्रव्वा म्हणाली.

"भेगा आहेत पायाला. मलम लावलंय," सिद्धलिंगप्पा घाईघाईने म्हणाले.

पूनमने ओठ दाबून हसू आवरलं. ते हसू शिवानंदला फारच आवडलं, इतकं की बशी घेताना मूठ मिटायची तो विसरला. सिद्धलिंगप्पांनी त्याचा अंगठा पकडला आणि चष्मा वर करून नख निरखलं.

"पुस्तकाचा रंग हाय तो," चंद्रव्वा म्हणाली.

"हा रंग राक्षसांचा," सिद्धलिंगप्पा म्हणाले, उठले आणि त्यांनी पांढरी चादर ओढून काढली.

खाली हिरवी सोलापुरी चादर होती. तिच्याखाली पाट-लाटणी खुपसून डोंगर केलेले, आणि डोंगरांच्या दोन्ही बाजूंना दोन सैन्यं, रांगेत, रंगवलेली.

"भाच्यासाठी मुलगी बघायला मेळाव्याला गेलो होतो," ते म्हणाले. "पुढच्याच रांगेत होतो. तुमचा शब्द न शब्द ऐकला."

शिवानंदच्या डोळ्यांत पाणी आलं. असा सासरा शोधून सापडला नसता.

दुपारभर दोघं खेळले. चंद्रव्वा आधी रागावून बसली, मग हे गृहस्थ आपल्या मुलाला "चाल तुमची" म्हणून अदबीने विचारतात हे बघून निवळली, आणि शेवटी पंख्याखाली पेंगली.

"नुसतं खेळायला या म्हटलं असतं, तर आईने सोडलं असतं का तुम्हाला?" सिद्धलिंगप्पांनी हळूच विचारलं.

"कशाला सोडतेय," शिवानंद हसला.

संध्याकाळी सिद्धलिंगप्पांचा राजा शिवानंदच्या घोडेस्वारांच्या तावडीत सापडला. शिवानंदने पूनमचं हसू आठवलं आणि घोडे मुकाट्याने डोंगराआड वळवले. पहिल्याच दिवशी सासऱ्याला हरवणं बरं दिसलं नसतं. सिद्धलिंगप्पा जिंकले आणि लहान मुलासारखे खुलले.

"पुढच्या रविवारी?"

"येतो की. दर रविवारी येतो."

चंद्रव्वा जागी झाली. "मंजी पसंत हाय म्हना की," ती म्हणाली आणि तिने पिशवीतून खण-नारळ काढला. "पोरीला बोलवा. वटी भरते."

सिद्धलिंगप्पा खाली पडलेला फासा शोधायला टेबलाखाली वाकले, ते वर येईनात.

पूनम आतून आपणहूनच आली. फोन कानाला, ओढणी खांद्यावर टाकलेली, मोजे काढून हातात घेतलेले. गोऱ्या पायांना भेग कुठं दिसत नव्हती. बोटांत चांदीची जोडवी मात्र ठसठशीत होती.

"अहो, या आता खुशाल धोंड्याचं जेवायला," ती फोनवर सांगत होती. "बाबांना खेळायला दुसरा माणूस मिळाला."