खारट पाणी

सायनसच्या ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. तोवर रोज सकाळी मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवा, असं डॉक्टरांनी पायलला बजावलं होतं. तुंगार्लीच्या घरात बेसिनवर वाकून ती उजव्या नाकपुडीत बाटली पिळायची. मग डावीतून पिवळा, कुजक्या वासाचा शेंबूड लोंबत यायचा आणि तिला स्वतःचीच शिसारी यायची.

त्या सकाळी अख्खी बाटली आत गेली, पण बाहेर थेंबही आला नाही. घशातही काही उतरलं नाही.

स्वयंपाकघरात तिच्या सासूबाई, विठाबाई, ठसकल्या. त्या पायलच्या ऑपरेशनसाठी टाकव्याहून आल्या होत्या आणि दाराकडे पाठ करून भाकरी खात बसल्या होत्या. पायल धावत त्यांच्यासमोर गेली. त्यांच्या नाकातून पाण्याची धार थेट ताटात पडत होती. पिठल्यावर पिवळी तार तरंगत होती. तो वास पायलच्या ओळखीचा होता.

"आई, सर्दी झालीय का?"

"न्हाई गं. पानी खारट लागतंय."

पायल बेसिनशी परतली, बाटली भरली आणि अगदी हलकेच दाबली. आत ताटात टपटप सुरू झालं. तिनं हात थांबवला, तशी टपटपही थांबली.

मग ताटात बोट फिरल्याचा आवाज आला, आणि ते चाटल्याचा.

"डोकं लय हलकं झालं," पाठमोऱ्या विठाबाई शांतपणे म्हणाल्या. "थांबू नगंस, पोरी. आजून वत."