सावज बुजू नये म्हणून

"ऊन, पाऊस, घाम, सगळं सोसेल असं पॉलिश हवं," शिकारीकाकांनी रायफल मिस्त्रींपुढे ठेवत बजावलं. "आणि चकाकी अजिबात नको. सावज बुजतं."

मिस्त्रींनी चष्मा चढवला आणि लाकडी दस्त्यावरून अंगठा फिरवला.

"काका, नेम धरताना गाल टेकतो ना, तिथलं जुनं पॉलिश अजून जसंच्या तसं आहे. झिजलीये ती फक्त खालची कड. जमिनीला टेकवून टेकवून."

मिशीवरून फिरणारा काकांचा हात थबकला. तीस वर्षांत बायकोलाही न सापडलेली लबाडी लाकडाने एका मिनिटात चव्हाट्यावर आणली होती.

"मग असं करा मिस्त्री," काका ओशाळं हसले, "चकचकीतच करून टाका. फोटोत उठून दिसेल."