पंधरा किलोची बॅग

विमानाचं तिकीट स्वस्त होतं, पण खिडकीचे पैसे वेगळे, आणि पंधरा किलोंवरच्या सामानाचे तर किलोमागे वेगळे. रघुनाथकाका निर्धास्त होते. गोव्यातल्या पाळी गावच्या खाणीवर अठ्ठावीस वर्षं त्यांनी ट्रकांचं वजन केलं होतं. घरच्या स्प्रिंगच्या लोखंडी काट्याला बॅग अडकवून त्यांनी तीनदा मोजली होती. बरोबर पंधरा.

मोपा विमानतळावर आकडा १६.२ वर थांबला.

“काका, जादाचे पैसे भरा, नाहीतर काहीतरी काढा,” काउंटरवरची तरुणी म्हणाली.

“तुमचो काटो चुकता. बॅग उतरवा, रिकामो दाखवा बघू!”

तिने बॅग उतरवली. आकडा शून्य. रांगेत कोणीतरी हसलं.

शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, यशोदाकाकूंनी, बॅग उघडली. बंगळुरूला राहणाऱ्या गरोदर लेकीला महिनाभर घरच्या पेजेशिवाय काही गोड लागत नव्हतं, म्हणून उकडे तांदूळ घेतले होते. आता तेच काढायचे. त्यांनी पिशवी उचलली, तर खाली टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं.

घरचा लोखंडी काटा.

“येताना बॅग मोजूक नको?” काका पुटपुटले.

काकूंनी तांदूळ परत आत ठेवले आणि काटा काकांच्या हातात दिला. बॅग पुन्हा चढली. आकडा १५.० वर थांबला.

“बघ! बरोबर पंधरा! मी काय सांगी होतंय?”

“होय तर,” काकू म्हणाल्या, “खाणीवर पण काटो ट्रकातच भरून धाडीत होतास काय हो?”